मुलांच्या मानेतली शीर आणि वॉर्डाबाहेरचे यंत्र

बुलढाणा जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटले की आधी गरोदर बाई आठवते आणि लगेच भिंतीवरची पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. ही आठवण उगाच झालेली नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ वर आल्या. त्या वर्षी महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता. म्हणजे राज्याच्या मुळातच लाजिरवाण्या सरासरीच्याही हा जिल्हा बराच खाली होता आणि त्याच्याहून वाईट अवस्था बीड, जळगाव, अहमदनगर अशा मोजक्याच जिल्ह्यांची होती. दहा वर्षांत एवढ्या मुली आपोआप कमी होत नसतात. तेव्हा या यंत्राकडे संशयाने पाहणे, त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणे, प्रसंगी त्याला सील ठोकणे, हे सारे रास्तच आहे. या लेखाचा विषय मात्र त्याच यंत्राचे असे एक काम आहे, ज्याचा गर्भाशी काडीचाही संबंध नाही. जन्मलेल्या, आजारी पडलेल्या मुलाच्या मानेतली मोठी शीर नेमकी कुठे आहे, केवढी आहे, धमनीच्या कोणत्या अंगाला आहे, हे सुई टोचण्याआधी पाहून घेणे, हे ते काम. माझे म्हणणे असे की हे पाहणे म्हणजे मोठ्या शहरातल्या रुग्णालयांची चैन नाही. जिवंत मुलाची शरीररचना शिकण्याचा तो आज हाताशी असलेला सर्वांत खरा मार्ग आहे. आणि ज्या जिल्ह्यात हे यंत्र इतके बदनाम झाले, त्याच जिल्ह्यात ते मुलांच्या वॉर्डात, कायद्याच्या पूर्ण चौकटीत राहून, रोजच्या वापरात आले पाहिजे.

आधी मानेतल्या शिरेपर्यंत जाण्याची वेळ का येते ते पाहू. मुलांच्या वॉर्डात ‘शीर सापडत नाही’ हे वाक्य रोज कानावर पडते. सहा महिन्यांच्या गुटगुटीत बाळाच्या हातावरच्या शिरा चरबीखाली गडप असतात, आणि जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या बाळाच्या शिरा आकसून गेलेल्या असतात. सिस्टर आधी हाताचा पंजा पाहते, मग मनगट, मग पाय, मग डोक्यावरच्या शिरा. बहुतेक मुलांचे एवढ्यावर भागते. काहींचे भागत नाही. कुणाचा रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखे औषध तासन्‌तास द्यावे लागते, कुणा कमी दिवसांच्या बाळाला आतडी चालत नाहीत म्हणून सगळे पोषण शिरेवाटेच द्यावे लागते, कुणाला डायलिसिस लागते. असली औषधे आणि घट्ट द्रावणे हातावरच्या बारीक शिरेतून फार काळ देता येत नाहीत. शीर सुजते, औषध बाहेर झिरपले तर कातडी काळी पडून गळते. मग मोठ्या शिरेत बारीक नळी घालून तिचे टोक हृदयाच्या तोंडाशी नेऊन ठेवतात. हीच सेंट्रल लाइन. तिच्यासाठी मानेच्या उजव्या बाजूची इंटर्नल जुग्युलर ही शीर सोयीची, कारण तिथून हृदयाकडे जाणारी वाट जवळजवळ सरळ आहे. डाव्या बाजूला वाट वळणाची आहे, लसिका वाहून आणणारी मोठी नळी तिकडेच येऊन मिळते, आणि फुप्फुसाचे टोकही अंमळ वर असते.

स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली पोकळ सुईतून तार सरकवून, सुई काढून, त्या तारेवरून नळी आत नेण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि पुढच्या दीड दशकात मानेतल्या शिरेपर्यंत पोहोचण्याच्या रीती बसत गेल्या. त्या सगळ्या रीती खुणांवर चालत. कानामागून निघून खाली तिरका उतरणारा मानेचा मोठा स्नायू आहे. त्याचे एक मूळ छातीच्या हाडावर आणि दुसरे हासळीवर रोवलेले असते. ही दोन मुळे आणि हासळी यांच्यामध्ये एक छोटा त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाच्या टोकाशी धमनीचा ठोका बोटाने चाचपायचा, त्याच्या किंचित बाहेरच्या अंगाला सुई धरायची आणि त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या रोखाने आत न्यायची. मोठ्या माणसात ही रीत बऱ्यापैकी चालते. पण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे : प्रत्येकाच्या मानेत शीर धमनीच्या पुढे आणि बाहेरच्या अंगालाच असते. लहान मुलाच्या बाबतीत खुणाच मुळात पुसट. मान आखूड, चरबीच्या वळ्या, स्नायूची दोन मुळे बोटाला वेगळी लागत नाहीत, आणि बाळ रडायला लागले की ठोकाही हरवतो. शीर कातडीखाली साधारण सेंटीमीटरभरावर, रुंदीला काही मिलीमीटर, आणि लगतच कॅरोटिड ही मेंदूला रक्त पुरवणारी धमनी. इथे सुई दोन मिलीमीटरनी चुकली तर शीर हुकते एवढेच होत नाही. धमनीला भोक पडते, गळ्यात रक्त साकळून श्वासनलिका दाबली जाऊ शकते, किंवा सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडते.

ते गृहीतक किती खरे, हे तपासण्याची सोय सोनोग्राफीने दिली. इयन डोनाल्ड यांनी ग्लासगोत पोटातल्या गाठी आणि गर्भ ध्वनिलहरींनी पाहून १९५८ मध्ये त्याचा अहवाल छापला. मानेतल्या शिरांकडे हे तंत्र वळायला आणखी दोन-अडीच दशके गेली. १९९१ मध्ये डेनिस आणि उरेत्स्की यांनी दोनशे प्रौढांच्या माना पाहून दाखवले की, सुमारे ८.५ टक्के लोकांत ही शीर ठरल्या जागी नसते किंवा इतकी बारीक असते की खुणांवर विसंबले तर फसगत व्हावी. मुलांविषयीचा या वाटेवरचा महत्त्वाचा अभ्यास कॅनडातल्या टोरांटोच्या बालरुग्णालयातून आला. अ‍ॅल्डरसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहा वर्षांखालच्या पन्नास मुलांच्या माना पाहिल्या तर जवळपास पाचातल्या एका मुलात रचना अशी निघाली की आंधळेपणाने सुई टोचणाऱ्याला अडचण आलीच असती : कुठे शीर सरळ धमनीच्या डोक्यावर, कुठे फारच आत किंवा फारच बाहेर, कुठे जेमतेम. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पाचातली चार मुले पुस्तकाप्रमाणे असतात, म्हणून रीत टिकून राहते. आणि पाचवे कोणते, ते बाहेरून कळत नाही, म्हणून रीत घातक ठरते. अनुभवी हाताला चार वेळा यश मिळते, पाचव्या वेळी ‘या पोराच्या शिराच खराब आहेत’ असे म्हटले जाते. शिरा खराब नसतात. त्या वेगळ्या जागी असतात.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते एकदा जवळून पाहिले म्हणजे पुढचा वाद सोपा होतो. बाळाच्या खांद्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी, कारण लहान मुलाचे डोके मागून मोठे असते आणि गुंडाळीशिवाय हनुवटी छातीवर येते. मान थोडीशीच डावीकडे. इथे पहिलाच जुना धडा मोडतो : खुणांच्या रीतीत मान भरपूर वळवायला शिकवत, पण पडद्यावर दिसते की ती पंचेचाळीस अंशांपलीकडे नेली की शीर सरकत सरकत धमनीच्या अंगावर येते. म्हणजे सोयीसाठी वळवलेली मानच धोका वाढवते. कोमट जेल लावून छोटा चपटा प्रोब आडवा, अगदी हलक्या हाताने टेकवला की दोन काळी वर्तुळे उमटतात. एक गोल, ठोक्याबरोबर थडथडणारे, दाबले तरी न दबणारे, ती धमनी. दुसरे लंबगोल, प्रोब जरा दाबताच मिटून जाणारे, ती शीर. बाळ आईच्या हाताला झटका देऊन रडू लागले की छातीतला दाब वाढतो आणि ती शीर डोळ्यांदेखत फुगते. दीर्घ श्वास आत घेताच पार चपटी होते. डोक्याकडची बाजू खाली केली, किंवा यकृतावर हलका दाब दिला, तरी ती भरते. सुकलेल्या मुलात मात्र ती बराच वेळ नुसती फट दिसते. म्हणजे ज्या मुलाला नळीची गरज सर्वांत जास्त, त्याचीच शीर सर्वांत लहान. हे सारे दोन-तीन मिनिटांत, सुईशिवाय, क्ष-किरणांशिवाय कळते. शिवाय पडद्यावर शिरेची रुंदी मोजता येते आणि मोजलेल्याचा लगेच उपयोग होतो. नळी शिरेच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाहून जाड असू नये, नाहीतर भोवतालचे रक्त साकळून शीर कायमची बुजू शकते. नळीची जाडी फ्रेंच या मापात सांगतात आणि एक फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा. तेव्हा हिशेब अगदी सरळ : तीन मिलीमीटरच्या शिरेला तीन फ्रेंचची नळी, चारच्या शिरेला चारची. हे माप वजनावरून किंवा वयावरून अंदाजाने ठरवणे आणि शिरेवरून ठरवणे यांत किती अंतर आहे, ते सांगायला नको.

पाहून टोचल्याने फरक पडतो का, याचा पुरावा आता तीस वर्षांचा आहे. वॉशिंग्टनच्या बालरुग्णालयात व्हर्गीस आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, एक वर्षाखालच्या ९५ बाळांचे दोन गट करून १९९९ मध्ये निकाल मांडले. सोनोग्राफीच्या गटात सगळ्या बाळांना नळी बसली, एकाही बाळाच्या धमनीला सुई लागली नाही. खुणांच्या गटात यश सुमारे ७७ टक्के, आणि चारातल्या एका बाळाच्या धमनीला भोक पडले. हे काम शिकाऊ हातांनी नव्हे, रोज लहान बाळांना भूल देणाऱ्या पथकाने केले होते, हे लक्षात ठेवावे. सप्टेंबर २००२ मध्ये इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही मानेतल्या शिरेत नळी घालताना द्विमितीय सोनोग्राफी हीच पसंतीची पद्धत ठरवली. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात पस्तीस अभ्यास एकत्र पाहिल्यावर एकूण गुंतागुंत सुमारे ७१ टक्क्यांनी आणि चुकून धमनीला सुई लागण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी दिसले. त्याच आढाव्याने या पुराव्याची प्रत फारशी उंच नाही, असेही बजावले आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

कारण याच्या विरुद्ध जाणारा अभ्यासही आहे, आणि तो हलका नाही. ऑक्सफर्डमध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या सव्वाशेच्या आसपास मुलांवर ग्रेबेनिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ मध्ये आलेल्या तुलनेत खुणांचाच गट सरस ठरला. सोनोग्राफीच्या गटात यश कमी आणि धमनीला सुई लागण्याचे प्रमाण उलट जास्त. ‘नाइस’च्या सूचनेला मुलांच्या बाबतीत पुरेसा आधार आहे का, असा सवालच त्यांनी शीर्षकात केला होता. सोनोग्राफीचे कैवारी या अभ्यासाला बगल देतात. मला तो सगळ्या चर्चेतला सर्वांत शिकवणारा वाटतो. खुणांच्या रीतीत वर्षानुवर्षे मुरलेल्या हातांना नवे यंत्र दिले की ते काही काळ अडखळणारच. पडद्याकडे पाहत सुई चालवणे हे वेगळे कसब आहे : सुईचे टोक कोणते आणि दांडा कोणता हे ओळखणे, प्रोबच्या भाराने शीरच मिटणार नाही इतका हात हलका ठेवणे, शिरेची पुढची भिंत दबून मागच्या भिंतीला चिकटते तेव्हा थांबणे. हे कसब आणीबाणीत, रडणाऱ्या आईसमोर, पहिल्यांदा शिकण्याचे नाही. म्हणून माझ्या मते खरा मुद्दा सुई यंत्राने टोचावी की यंत्राशिवाय, हा नाहीच. टोचण्याच्या खूप आधी, नळीची गरज नसलेल्या मुलांच्या मानांत डोळ्यांनी पुष्कळ हिंडून घेतले आहे का, हा मुद्दा आहे. सोनोग्राफीने शरीररचनेचा अभ्यास आधी, सुई नंतर.

आणि हा अभ्यास दुसरीकडे कुठे होणार? वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन असते, पण टेबलावर येते ते बहुधा प्रौढाचे, त्यातही वृद्धाचे शरीर. औषधात जतन केलेल्या शरीरात धमनीची जाड भिंत आपला आकार राखते; शीर चपटी, रिकामी, आसपासच्या पेशीजालात मिसळून गेलेली असते. रडताना फुगणारी आणि श्वास घेताना मिटणारी शीर शवात दिसू शकत नाही, कारण ती रचना जितकी आहे तितकीच ती हालचाल आहे. लहान मुलाचे शरीर तर शिकणाऱ्यांपुढे जवळजवळ येतच नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसाच्या मेलेल्या मानेवर शिकून तान्ह्या बाळाच्या जिवंत मानेत सुई घातली. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांबरोबर सुरू झाले. नव्या घराला जुन्या सवयी लागलेल्या नसतात. शरीररचनेच्या पहिल्या वर्षातच विद्यार्थ्याने शवाशेजारी पडदा पाहिला, तर तो पुढे मुलांच्या विभागात जाईल तेव्हा ही दोन वर्तुळे त्याच्या ओळखीची असतील.

आता आक्षेप. पहिला व्यवहाराचा : जिल्ह्याच्या ठिकाणी सेंट्रल लाइनची गरजच किती? अत्यवस्थ मूल रेफर करायचे असते. शिवाय शीर सापडली नाही तर पायाच्या हाडात सुई घालून मिनिटाभरात सलाईन सुरू करता येते. यातला दुसरा भाग निर्विवाद आहे. शॉकमध्ये गेलेल्या, शीर न मिळणाऱ्या मुलाला आधी हाडातली सुईच. तिथे मानेतल्या शिरेचा आणि पडद्याचा खेळ मांडत बसणे चूक ठरेल. पण हाडातली सुई काही तासांची सोय आहे, दिवसांची नाही. आणि रेफर हा शब्द कागदावर जितका सुटसुटीत, तितका रस्त्यावर नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. घाटाखालचे मूल शेगाव-खामगावमार्गे अकोल्याला जाते, घाटावरचे अनेकदा संभाजीनगरला. समृद्धी महामार्गाने मेहकर आणि सिंदखेड राजाची वाट सोपी केली, सातपुड्याच्या पायथ्याची नाही. तासाभराहून लांबच्या या प्रवासात १०८ च्या गाडीत रक्तदाबाचे औषध चालू राहायचे तर ते भरवशाच्या नळीतून चालले पाहिजे. जिथून रेफर करतात, तिथेच नळी बसवण्याची गरज जास्त. जिथे रेफर करतात, तिथे माणसेही असतात आणि यंत्रेही. गरजेचा हिशेब आपण नेहमी उलटा मांडतो.

दुसरा आक्षेप कौशल्याचा : यंत्राची सवय लागली की हाताचे कसब मरते, आणि वीज गेली की डॉक्टर पांगळा. वीज आजही जाते, हे खरे. पण असली यंत्रे बॅटरीवर तास-दोन तास चालतात. आणि शंभर माना पडद्यावर पाहिलेल्या माणसाच्या बोटांना खुणाही जास्त कळतात, कारण कोणत्या खुणेखाली काय असते ते त्याने पाहिलेले असते. यावर जास्त वेळ घालवण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि बुलढाण्यात सर्वांत भारी तोच. त्याच्याकडे चिडून पाहणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, तोही ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर. जी अवस्था ८५५ या आकड्यापर्यंत पोहोचली, ती कायदा असूनही पोहोचली, म्हणजे ढिलाई करायला इथे जागाच नाही. प्रश्न इतकाच की हा कायदा मुलांच्या वॉर्डातल्या यंत्राला खरोखर मनाई करतो का. २०१२ मध्ये नियमांत जी भर पडली ती याबाबत स्वच्छ आहे. हलवता येण्याजोगे सोनोग्राफी यंत्र दोनच ठिकाणी वापरता येते : जिथे त्याची नोंदणी आहे त्या आवारात, दाखल झालेल्या रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. मुलांच्या अतिदक्षता विभागातले किंवा नवजात कक्षातले मूल हे दाखल झालेलेच असते, आवार तेच असते. म्हणजे खाटेशेजारी यंत्र नेण्याला कायद्यात आडकाठी नाही. उलट नियमाने परवानगीची जागा जी आखली, ती नेमकी हीच. अडचण कायद्यापेक्षा आपल्या भीतीची आणि आळसाची आहे. यंत्र रेडिऑलॉजी विभागाच्या खोलीत नोंदवलेले असते, चावी एकाकडे असते, आणि ‘बाहेर नेले तर उद्या कोण उत्तर देणार’ या एका वाक्यावर वॉर्डातले मूल चौथी टोच खाते.

तरीही एका शंकेला सरळ उत्तर द्यायला हवे. शिरा पाहण्याचा चपटा प्रोब साधारण सात ते पंधरा मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो. कातडीलगतचे तो बारकाईने दाखवतो आणि काही सेंटीमीटर खाली त्याचे चित्र विरते. गर्भासाठी वापरतात तो वक्र प्रोब दोन ते पाच मेगाहर्ट्‌झचा, खोल जाणारा. म्हणून कुणी म्हणेल, चपट्या प्रोबचे यंत्र कायद्यातून वगळा. मी तसे म्हणणार नाही. त्याच यंत्राला दुसरा प्रोब जोडायला अर्धा मिनिट लागतो, आणि पळवाटा कशा पडतात हे महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे. मुलांच्या वॉर्डातले यंत्र नोंदणीकृतच असावे, ते कोण वापरणार त्यांची नावे आणि पात्रता नोंदीत असावी, त्याला वक्र प्रोब विकतच घेऊ नये, आणि प्रत्येक वापराची तारीख, वेळ आणि रुग्णाचा क्रमांक लिहिलेली वही यंत्राशेजारीच असावी. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना यंत्रांवर तपासणीची चित्रे साठवून ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवण्याचा प्रयोग झाला. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रशासनाची बाजू उचलून धरली. तसले उपकरण मुलांच्या वॉर्डातल्या यंत्रावरही खुशाल बसवावे. ज्याला फक्त मुलाची मान पाहायची आहे, त्याने आपले चित्र कुणी पाहील म्हणून घाबरायचे काय कारण? देखरेख आणि वापर ही एकमेकांची वैरी नाहीत. देखरेख नीट असली तरच वापर निर्धास्त होतो.

या विषयात बुलढाण्याला दुसऱ्यांकडून नुसते घ्यायचे नाही, द्यायचेही आहे. शिरेची रुंदी आणि जागा यांविषयीचे आज हाती असलेले बरेचसे आकडे टोरांटो, वॉशिंग्टन, ऑक्सफर्ड अशा ठिकाणच्या, बहुतांशी हृदयाच्या आजारासाठी आलेल्या मुलांचे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तीतले, वयाच्या मानाने वजन कमी असलेले मूल त्या तक्त्यात बसते की नाही, हे बसवून नव्हे, मोजून ठरवायचे असते. मोजायचे थोडेच आहे : दोन्ही बाजूंच्या शिरेची रुंदी, कातडीपासूनची खोली, धमनीशी नाते, मान सरळ असताना आणि वळवल्यावर; सोबत वय, वजन, उंची, दंडाचा घेर, आणि मूल सुकलेले आहे की नाही. निरोगी मुलांवर असा अभ्यास करणे योग्य का, असे कुणी विचारील, आणि ते विचारलेच पाहिजे. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, म्हणून संमती नको असे होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांची लेखी संमती हवी, सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार हवा, आणि नैतिकता समितीची परवानगी हवी. या जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी. सोनोग्राफी म्हणताच घरच्यांच्या मनात काय येते ते ठाऊक असल्याने, मुलाच्या आजीला आणि आईला पडदा दाखवून, ही धमनी, ही शीर, असे मराठीत समजावून सांगावे. त्यांना ते लगेच कळते.

राहिला प्रश्न सुरुवात कोण करणार याचा. कायद्यानुसार जिल्ह्याचे समुचित प्राधिकारी जिल्हा शल्यचिकित्सक असतात. यंत्रात, जागेत किंवा ते वापरणाऱ्या माणसांत बदल करायचा असेल तर त्यांना किमान तीस दिवस आधी लेखी कळवावे, असे नियम सांगतो. तेव्हा खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या बालरोगतज्ज्ञांना आणि भूलतज्ज्ञांना माझी विनंती एवढीच की यंत्र वॉर्डात आणण्याची वाट कायदा बदलण्यातून जाते असे समजून थांबू नका. अर्ज करा, तीस दिवसांनी पहिली मान पाहता येईल.